अनुमानाचें सत्य

भाद्रपदाच्या शेवटीं कोंकणांतलें आकाश कधीं कधीं असें निवळतें, कीं शहरांतून गेलेल्या माणसाला तें पाहून हर्ष व्हावा आणि गांवांतल्या माणसानें वर पाहण्याचेंच टाळावें. २०१८ सालीं गणपतीकरितां मी रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या गांवीं गेलों होतों, तेव्हां असेंच झालें. गौरी-गणपतींचें विसर्जन झालें, मुंबईची मंडळी परत गेली. मागच्या पडवीचें छप्पर उतरवावयाचें होतें म्हणून मी मात्र राहिलों. पाऊस त्यापूर्वींच दडी मारून बसला होता. त्या सप्टेंबरांत देशभर मिळून सरासरीच्या सुमारें तीन-चतुर्थांशच पाऊस पडला, हें मागाहून प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांवरून समजलें. परंतु आमच्या वाडीला आंकड्यांची वाट पाहण्याचें कारण नव्हतें. वरच्या खाचरांतला चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि एरवीं दिवाळीपर्यंत खळखळणारा पऱ्ह्या डबक्याडबक्यांनीं उभा होता.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत निरनिराळ्या देशांच्या पावसाचीं मापें द्रोणांत दिलीं आहेत. अश्मकाला साडेतेरा द्रोण, अवंतीला तेवीस. अपरान्त म्हणजे आपली कोंकणपट्टी, तिचा पाऊस मात्र अमित ठरवून त्याचें माप देण्याचें सोडून दिलें आहे. ही ख्याति आजही खोटी नाहीं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत रत्नागिरीस शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. परंतु अमित असणें आणि वेळेवर असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. आषाढांत ज्या डोंगरावरून पाणी लोटत खाडीला मिळतें, त्याच डोंगराचा जांभा आश्विनांत घोटभर ओल धरून ठेवीत नाहीं. पंधरा-वीस दिवसांची उघडीप एवढ्या पावसाच्या प्रदेशाला संकटाच्या दारांत नेऊन उभी करते, आणि तीही अशा वेळीं, कीं जेव्हां पीक हातातोंडाशीं आलेलें असतें.

आमच्या काकांचें भात हळवें. तें वरच्या खाचरांत असतें, लौकर पिकतें आणि हस्ताच्या सुमारास कापणीस येतें. त्याला आतां पाऊस नको होता. कापून दोन-तीन दिवस शेतांतच पसरून वाळवावयाचें, मग भारे बांधून खळ्यावर आणावयाचें. उशीर करावा तर दाणे झडतात, आणि रानडुकरें कोणाची वाट पाहत नाहींत. खालच्या मळ्यांत भाऊंचें भात गरवें. भाऊ आमच्या नात्याचे नव्हेत. वाडींतले सारेच त्यांना भाऊ म्हणतात. त्यांचें पीक नुकतें पसवून दाण्यांत दूध भरूं लागलें होतें, आणि या वेळीं पाणी तुटलें तर लोंबी दिसावयाला उभी राहते पण आंत नुसतें फोल असतें. दोन शेतांत अंतर हांकेचें. परंतु एकानें देवाजवळ जें मागावें तेंच दुसऱ्यानें टाळण्याची प्रार्थना करावी अशी स्थिति. देव मात्र दोघांचा एकच, आणि देऊळही एकच.

हस्त लागून पांच-सहा दिवस झाले होते. सकाळीं काका ओटीवर सुपारी कातरीत बसले असतां माझ्या फोनवर हवामानाचें पत्रक आलें. कोंकणांत पुढील चार दिवस तुरळक ठिकाणीं मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम सरी पडण्याची शक्यता त्यांत वर्तविली होती. मीं तें वाचून दाखविलें. काकांनीं अडकित्ता थांबविला व म्हणाले, “तें राहूं दे. पडेल कीं नाहीं तेवढें सांग. उद्यां माणसें सांगूं का कापणीला?” मी विज्ञान शिकलेला, पुण्यास राहणारा, माझ्या शब्दाला घरांत जी किंमत होती ती त्या शिक्षणामुळें होती. शिवाय काकांच्या चेहऱ्यावर त्यांना हवें असलेलें उत्तर स्पष्ट दिसत होतें. आठवडाभर खटपट करून त्यांनीं चार माणसें मिळविलीं होतीं, आणि तीं माणसें दुसऱ्याच्या शेतावर गेलीं तर पुन्हां मिळणार नव्हतीं. मीं म्हटलें, “नाहीं पडायचा, काका. कापा खुशाल.”

त्याच दिवशीं सायंकाळीं भाऊ अंगणांत आले. “तुम्ही तें फोनवर बघतां म्हणे. कांहीं येतो आहे का?” पऱ्ह्यांत उरलेलें पाणी खेंचण्यासाठीं भाड्यानें इंजिन आणावें किंवा कसें, या विचारांत ते होते, भाड्याचे पैसे उसने काढावे लागणार होते. भाऊंचा चेहरा काकांच्याहून अधिक उतरलेला होता. मीं म्हटलें, “येईल, भाऊ. गडगडाटासह येईल असें लिहिलें आहे. दोन दिवस धीर धरा.”

तिसऱ्या दिवशीं दुपार कलल्यावर सह्याद्रीच्या बाजूनें ढग चढले आणि दिवेलागणीला दीड तास पाऊस कोसळला. पुढें दोन दिवस आभाळ उघडलें नाहीं. काकांचें कापलेलें भात शेतांत पडून होतें; त्याला कोंब फुटले, पेंढा काळवंडला. काका मला एका शब्दानेंही बोलले नाहींत. भाऊ मात्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन नारळ घेऊन आले आणि काकांच्या देखत म्हणाले, “तुमच्या शब्दावर राहिलों म्हणून इंजिनाचे पैसे वांचले.” ते नारळ मीं घेतले. न घेण्याला जें धैर्य लागतें तें त्या वेळीं माझ्याजवळ नव्हतें.

या हकीकतींत मला जो प्रश्न पडला तो असा: मीं त्या दिवशीं किती वेळां खोटें बोललों? लोकव्यवहाराचा निवाडा सरळ आहे. पाऊस पडला, म्हणून काकांना सांगितलेलें खोटें ठरलें आणि भाऊंना सांगितलेलें खरें ठरलें. पडला नसता तर नारळ दुसऱ्या घरांतून आले असते. हा निवाडा मला मान्य करवत नाहीं. दोन्ही वाक्यें एकाच तोंडानें, एकाच पत्रकावरून, एकाच दिवशीं उच्चारलीं गेलीं. बोलणाऱ्याच्या मनांत दोन्ही वेळीं सारखेंच अज्ञान व सारखाच मोह होता. त्यांपैकीं एक पुण्य आणि दुसरें पाप व्हावें, आणि तेंही तिसऱ्या दिवशींच्या ढगांनीं ठरवावें, यांत नीतीचा कांहींच भाग उरत नाहीं. जुगारांत जिंकलेल्याला आपण शहाणा म्हणतों, त्यांतलाच हा प्रकार.

गमतीची गोष्ट अशी, कीं आपल्या तर्कशास्त्राला पावसाचा हा प्रश्न जन्मापासून चिकटलेला आहे. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यांत अनुमानाचे प्रकार सांगतांना पहिलींच उदाहरणें पावसाचीं आहेत. ढग भरून आलेले पाहून पाऊस पडेल असें म्हणणें हें कारणावरून कार्याचें अनुमान; नदीचें पाणी गढूळ व फुगलेलें पाहून वर कोठें तरी पाऊस पडला असावा असें म्हणणें हें कार्यावरून कारणाचें. प्रतिपक्षी तेथेंच आक्षेप घेतो. नदी बांध पडल्यानेंही फुगते. मुंग्या अंडीं घेऊन निघाल्या तर त्यांचें वारूळ कोणी उकरलें असेल. मोराचा आवाज माणूसही काढतो. मग अनुमानाला प्रमाण कसें मानावें? सिद्धांत्याचें उत्तर असें, कीं ही चूक अनुमानाची नसून अनुमान करणाऱ्याची आहे. त्यानें खरें लिंग न पाहतां त्यासारखें दिसणारें दुसरें कांहीं पाहिलें. हें उत्तर नदीपुरतें मला पटतें. ढगांच्या बाबतींत मात्र तें अपुरें पडतें, कारण नदी घडून गेलेल्या गोष्टीची साक्ष देते आणि ढग अद्याप न घडलेल्या गोष्टीची. लिंग कितीही खरें असलें तरी मध्यें प्रतिबंध येऊं शकतो; वारा फिरतो, ढग वितळतो. भविष्याचें अनुमान करणाऱ्याला चूक न करतांही चुकण्याचा प्रसंग येतो, आणि नीतीच्या दृष्टीनें ही अवस्था मोठी चमत्कारिक आहे.

अशा बोलण्याला सत्य केव्हां म्हणावें? पतंजलीच्या योगसूत्रांत यमांमध्यें सत्याचा उल्लेख आहे, व त्यावरील व्यासभाष्यांत त्याचें जें विवरण आहे त्याच्याइतकें सूक्ष्म विवरण या विषयावर माझ्या वाचनांत दुसरें आलेलें नाहीं. मन व वाणी हीं जसें पाहिलें, जसें अनुमानिलें, जसें ऐकलें तशींच राहणें याला भाष्यकार सत्य म्हणतात. अनुमानिलेल्या गोष्टीलाही त्यांनीं या व्याख्येंत जागा दिली आहे, आणि कसोटी लावली आहे ती वस्तूशीं पुढें जुळण्याची नव्हे, तर बोलणें स्वतःच्या ज्ञानाशीं जुळण्याची. जें निम्मेंच कळलें तें निम्मेंच सांगितलें तर तें पूर्ण सत्य होय. निम्मेंच कळलेलें पुरतें कळल्यासारखें सांगितलें तर तें, पुढें खरें ठरलें तरी, असत्य होय. या मापानें माझीं दोन्ही वाक्यें सारखींच असत्य होतीं, आणि भाऊंचे नारळ मजवर उसने आहेत.

पण भाष्यकार येथेंच थांबत नाहींत. वाणी ही आपला बोध दुसऱ्याच्या ठिकाणीं उतरावा म्हणून उच्चारावयाची. तेव्हां ती फसवी नसावी, भ्रांत नसावी, आणि प्रतिपत्तिवंध्य, म्हणजे ऐकणाऱ्याच्या ठिकाणीं कांहींच अर्थ न उपजविणारी, नसावी. हा तिसरा दोष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शिकलेल्या माणसांना तो दोष म्हणून जाणवतच नाहीं. पहिल्या दोन दोषांपासून दूर राहणारा पंडित तिसऱ्या दोषांत सुखानें राहतो. त्यानें जें सांगितलें त्यांत एकही अक्षर चुकीचें नसतें, आणि एकही अक्षर ऐकणाऱ्याच्या उपयोगीं पडत नाहीं.

त्या पत्रकाचेंच पाहा. तुरळक ठिकाणीं या शब्दांना हवामानशास्त्रांत ठराविक अर्थ आहे. भारताचे हवामानाच्या सोयीसाठीं छत्तीस उपविभाग केलेले आहेत. त्यांतील कोंकण-गोवा हा एक. अशा उपविभागांतील पर्जन्यमापनाच्या केंद्रांपैकीं फार तर चतुर्थांश केंद्रांवर पाऊस होईल असा अंदाज असला कीं तुरळक म्हणावयाचें. निम्म्यापर्यंत केंद्रें भिजतील असें वाटलें तर कांहीं ठिकाणीं. त्यापुढें बऱ्याच ठिकाणीं, आणि तीन-चतुर्थांशांच्या वर बहुतेक सर्व ठिकाणीं. हा हिशेब शक्यतेचा नसून विस्ताराचा आहे, हें खरें. परंतु आपलें गांव त्या चतुर्थांशांत आहे कीं बाहेर, हें ज्याला कळण्याचा मार्ग नाहीं, त्याच्या लेखीं दोहोंत फारसें अंतर राहत नाहीं. म्हणजे काकांच्या प्रश्नाला उत्तर होतें: चारांतली तीन गांवें कोरडीं राहतील, एखादें भिजेल, आपलें कोणतें तें सांगतां येत नाहीं. हें वाक्य मराठींत आहे, तें काकांना समजलें असतें, आणि तें मला ठाऊकही होतें. तरी मीं तें उच्चारलें नाहीं. पत्रक वाचून दाखविलें तेव्हां मीं वंध्य वाणी बोललों आणि पत्रक खालीं ठेविलें तेव्हां फसवी. सत्य या दोहोंच्या मध्यें होतें, व तेवढी जागा मीं ओलांडून गेलों.

यावर कोणी म्हणेल, कीं लोकांना असलीं चतुर्थांशांचीं वाक्यें नको असतात. त्यांना निश्चित शब्द हवा असतो, आणि तो देणारे पूर्वींपासून आहेत. हें खोटें नाहीं. आमच्या घरीं भिंतीला टांगलेल्या पंचांगांत प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचें वाहन दिलेलें असतें. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजावयाचें, नवानें भागावयाचें आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर अशांतलें एक वाहन ठरवावयाचें. हत्ती निघाला तर पाऊस दांडगा. या गणितांत वाऱ्याला, समुद्राला वा ढगाला कोठेंही प्रवेश नाहीं. तरी काका तें वाहन दरवर्षीं पाहतात, आणि खरें सांगावयाचें तर मीही पाहतों. उलट वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत पावसाचें भाकित करणाऱ्याला रात्रंदिवस आकाश पाहण्याचें काम सांगितलें आहे. हिंवाळ्यांत धरलेला मेघगर्भ एकशें पंचाण्णव दिवसांनीं प्रसवतो, हा त्याचा सिद्धांत आज कोणी मानणार नाहीं. परंतु जो दैवज्ञ अहोरात्र चित्त लावून ही लक्षणें पाहतो त्याचें पावसाविषयींचें बोलणें मुनीच्या वाणीप्रमाणें मिथ्या होत नाहीं, असें जें तो म्हणतो त्यांतला अर्धा भाग मला आजही ग्राह्य वाटतो. शेवट खरा ठरेल याची हमी पाहण्यानें मिळत नाहीं. बोलण्याचा अधिकार मात्र पाहण्यानेंच मिळतो. मी त्या दिवशीं आकाशाकडे पाहिलेंच नव्हतें. मीं पाहिले ते काकांच्या व भाऊंच्या चेहऱ्याकडे.

मग ज्याला निश्चित ठाऊक नाहीं त्यानें गप्पच बसावें हें बरें, असाही एक पक्ष आहे, आणि तो दिसतो तितका सात्त्विक नाहीं. इंग्लंडांत तो एकदां अमलांत आणून झाला. डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचा कप्तान फिट्झरॉय हा पुढें तिकडच्या हवामानखात्याचा पहिला प्रमुख झाला. १८५९ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे त्यांच्या शरदांतच, अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ नांवाचें जहाज वादळांत फुटून चारशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्यानंतर त्यानें तारायंत्राच्या साह्यानें किनाऱ्यांवर वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था केली, व १८६१ पासून वर्तमानपत्रांत रोजचे अंदाज छापावयास आरंभ केला. हीं भविष्यकथनें नसून शास्त्रीय हिशेबानें बनविलेलीं मतें आहेत, असें तो परोपरीनें सांगत असे. तें कोणी ऐकलें नाहीं. अंदाज चुकला कीं लोक हंसत आणि विद्वान् नाकें मुरडीत. १८६५ सालीं त्यानें स्वतःच्या हातानें आपलें जीवित संपविलें. त्याला कारणें अनेक होतीं, आणि तीं सारीं या उपहासावर ढकलणें योग्य होणार नाहीं. पुढच्या वर्षीं चौकशी होऊन, या अंदाजांना पुरेसा शास्त्रीय पाया नाहीं असें ठरलें व इशारे बंद झाले. विद्वत्सभेची अब्रू राहिली. परंतु किनाऱ्यावरच्या लोकांनीं तक्रार केली, आणि १८६७ सालीं वादळाचे इशारे पुन्हां सुरू करावे लागले. चुकण्याचा संभव असलेली वाणी त्यांना अगदीं न बोलण्यापेक्षां अधिक मोलाची वाटली, कारण होडी समुद्रांत न्यावी कीं नाहीं हा निर्णय त्यांना रोज पहाटे करावाच लागत होता. मौन धरणारा स्वतःपुरता असत्यापासून वांचतो; निर्णय मात्र दुसऱ्याला त्याच अंधारांत घ्यावा लागतो.

आपल्याकडेही या खात्याला असे घाव बसले आहेत. १८८६ सालीं हिमालयावरील बर्फाच्या मानावरून मोसमी पावसाचें पहिलें भाकित करण्यांत आलें. तेव्हांपासून किती पद्धति आल्या व गेल्या. २००२ सालीं सरासरीइतका पाऊस होईल असें सांगण्यांत आलें होतें. प्रत्यक्षांत सरासरीच्या ८१ टक्केच झाला, आणि जुलैंत तर निम्म्याच्या आसपास. सोळा घटकांवर आधारलेली ती पद्धति दुसऱ्या वर्षीं बाजूला ठेवण्यांत आली. येथें मला एका निराळ्याच मोहाची शंका येते. जो चुकल्याबद्दल शिव्या खातो, तो हळूहळू अशा बाजूनें चुकावयास शिकतो, कीं जेथें शिव्या कमी पडतात. वादळ येईल म्हणून सांगितलें व आलें नाहीं, तर लोक कुरकुरतात. येणार नाहीं म्हणून सांगितलें व आलें, तर माणसें मरतात. म्हणून इशारा देण्याकडे कल असावा, हें वादळापुरतें धर्म्यच आहे. परंतु शरदांतली रोजची सर ही वादळ नव्हे. तिच्याविषयीं केवळ स्वतःच्या बचावासाठीं प्रत्येक वेळीं “शक्यता आहे” असें म्हणत राहणें म्हणजे आपल्या डोक्यावरचें ओझें ऐकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवणें होय. कचेरींतला मनुष्य त्यामुळें सुरक्षित होतो. ओटीवरचा मनुष्य होता तेथेंच राहतो. आतां तर हिरवा, पिवळा, नारिंगी व तांबडा असे इशाऱ्यांचे रंगच ठरलेले आहेत. रंग दिसावयाला शब्दाहून स्पष्ट. पण पिवळ्याकडे पाहून हळवें भात कापावें कीं न कापावें, हें रंग सांगत नाहीं.

आणि तें त्यानें सांगावें, अशी अपेक्षा तरी योग्य आहे का? या ठिकाणीं मी बरेच दिवस अडलों. काकांनीं मला विचारलें तें काय होतें? पाऊस पडेल कीं नाहीं, हा प्रश्न त्यांच्या तोंडीं होता खरा. परंतु सत्तर पावसाळे पाहिलेल्या माणसाला, घाटावरून चढणाऱ्या ढगांविषयीं माझ्याहून अधिक कळत होतें. हस्तांत दुपारनंतर काय होऊं शकतें हें त्यांना शिकविण्याची गरज नव्हती. त्यांना हवा होता तो निर्णयाचा भागीदार. पीक गेलें तर तें आपल्या एकट्याच्या शब्दानें गेलें असें होऊं नये, एवढीच त्यांची इच्छा असावी. ती इच्छा क्षुद्र नाहीं. घरांत वडीलधारें माणूस वर्षानुवर्षें एकटें निर्णय घेतें तेव्हां त्याला काय वाटत असेल याचा विचार आपण तरुणपणीं करीत नाहीं. मीं त्यांना ज्ञान म्हणून जें दिलें तें ज्ञान नव्हतें, आणि भागीदारी म्हणून जी मिळाली तिच्यांत माझें भांडवल नव्हतें. पुण्याचें माझें वेतन त्या पावसानें एका रुपयानें कमी झालें नाहीं.

दयेनें बोललेलें असत्य क्षम्य मानावें, असा आधार शोधणारे याच व्यासभाष्याकडे बोट दाखवितील. कारण वाणी भूतांच्या हितासाठीं असावी, घातासाठीं नसावी, असेंही तेथें म्हटलें आहे. पण हित तें सर्व भूतांचें, हें विशेषण तेथें विसरण्यासारखें नाहीं. माझी दया सकाळीं काकांपुरती होती आणि सायंकाळीं भाऊंपुरती. ज्या क्षणीं ज्याचा चेहरा समोर, त्या क्षणीं त्याचें हित. ही दया चेहऱ्याची झाली, माणसाची नव्हे. हीं दोन माणसें एकाच वेळीं माझ्या ओटीवर बसलीं असतीं तर मीं काय उत्तर दिलें असतें, हा विचार जरी तेव्हां मनांत आला असता तरी पुरे होतें. दोघांच्या देखत मला तीच एक गोष्ट सांगतां आली असती, जी मला खरोखर ठाऊक होती.

आणखी एक शंका राहते. चारांतून एक असें जर मीं म्हणावें, तर पाऊस पडो वा न पडो, माझें वाक्य कधींच खोटें ठरणार नाहीं. मग अशा बोलण्याला जबाबदारी ती कोणती? ही शंका खरी आहे, आणि एका दिवसापुरतें तिला उत्तर नाहीं. उत्तर अनेक दिवसांनीं मिळतें. ज्या ज्या दिवशीं मीं चारांतून एक असें म्हटलें त्या साऱ्या दिवसांची टाचणें ठेवावीं, आणि त्यांतल्या सुमारें चौथ्या हिश्श्यानें पाऊस झाला कीं नाहीं तें पाहावें. निम्म्या दिवसांत झाला असेल तर मी भित्रेपणानें कमी सांगत होतों. एकाही दिवशीं झाला नसेल तर उगाच घाबरवीत होतों. म्हणजे एखाद्याच्या शीलाची परीक्षा जशी एका प्रसंगानें होत नाहीं, तशी अनुमान करणाऱ्याच्या सत्याची परीक्षाही एका पावसानें होत नाहीं. हें काम कष्टाचें आहे व त्यांत यशाचा दिवस असा कोणताच नाहीं. नारळ कोणी आणून देत नाहीं.

पुढच्या वर्षीं मी गणपतीला गेलों आणि लगेच परतलों. हस्तांत काकांचा फोन आला. पावसाचें काय म्हणतात, म्हणून त्यांनीं विचारलें. मागच्या वर्षाचा उल्लेख त्यांनीं केला नाहीं, मींही केला नाहीं. मीं पत्रक वाचलें, तुरळक म्हणजे काय तें सांगितलें, चार गांवांचा हिशेब सांगितला. आणि यापलीकडे मला कांहीं कळत नाहीं, हेंही सांगितलें. मग विचारलें, कापून टाकलें तर एका दिवसांत किती उचलून पडवींत आणतां येईल? पडवीला आतां नवें छप्पर होतें. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. कोणाशीं तरी बोलल्याचा आवाज आला.

“म्हणजे तुलाही ठाऊक नाहीं तर,” काका म्हणाले. “बरें. मग वरचीं दोन खाचरें तेवढीं उद्यां घेतों. बाकीचें परवां आभाळ बघून.”